एका हाताचा गळ: नाशिकच्या दिव्यांग मासेमारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अंबडच्या एका कारखान्यात लेथवर होतो. एके दिवशी माणूस कमी म्हणून मला प्रेसवर बसवलं आणि त्या प्रेसने उजव्या हाताची चार बोटं नेली. अंगठा तेवढा राहिला. गळ टाकायचा नाद त्याच्या आधीचा. पुढची दोन वर्षं काठी माळ्यावर पडून होती. मग डाव्या हाताने जमेल तसं सुरू केलं. आज आमच्या पाच-सहा जणांच्या टोळीत एक व्हीलचेअरवाला आहे, एक पॅरालिसिसमधून उठलेले काका आहेत आणि एकाला अजिबात दिसत नाही. नवा माणूस आला की तेच ते प्रश्न विचारतो, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

सुरुवात कुठून करू? आधी काठी कोणती घेऊ?

काठी सगळ्यात शेवटी. आधी बसायची जागा.

हे ऐकून बहुतेक जण हिरमुसतात, कारण दुकानात जायची घाई झालेली असते. पण मी पाहिलंय, भारीतली रील, म्हणजे दोरी गुंडाळायची फिरकी, घेऊन आलेला माणूस धरणाच्या काठी पोचतच नाही. गाडी उभी राहते तिथून पाण्यापर्यंत साठ पावलं दगडधोंडे असतात. उलट जागा चांगली असली की बांबूच्या काठीवरही दिवस सार्थकी लागतो.

चांगली जागा कशी ओळखायची?

गाडी पाण्यापासून हाकेच्या अंतरावर आली पाहिजे, जमीन मुरमाची हवी, आणि उतार एकास बाराहून तीव्र नको. म्हणजे एक फूट खाली जायला निदान बारा फूट लांबी. रॅम्पसाठीही हेच प्रमाण धरतात.

गंगापूर हे मातीचं धरण. अशा धरणाच्या भिंतीला पाण्याच्या अंगाने दगडांचं पिचिंग असतं आणि कुबडीवाल्याला त्याच्याइतका मोठा शत्रू नाही. तसंही भिंतीवर आणि दरवाज्यांजवळ जायला मनाई असते. गंगापूर असो, दारणा असो की मुकणे, आपल्या कामाची जागा फुगवट्याकडे, म्हणजे पाणी जिथे शेतांत शिरलेलं असतं त्या बाजूला शोधा.

फुगवट्याची एक खोड आहे. ऑक्टोबरात पाणी भरगच्च असतं आणि काठ कडक असतो. मार्चनंतर पाणी मागे सरतं आणि मधल्या पट्ट्यात गाळ उघडा पडतो. वरून भाकरीसारखा पापुद्रा धरलेला, भेगाळलेला, वाळल्यासारखा दिसतो. खाली मात्र गुडघाभर चिखल. आमच्या मित्राची खुर्ची अशीच पुढच्या चाकांवर रुतली आणि तो तोंडावर जाता जाता वाचला. तेव्हापासून आम्ही खुर्चीत आधी पन्नास किलोची कांद्याची गोणी ठेवतो आणि ती ढकलत नेऊन पाहतो. गोणी पडली तर हसता येतं.

प्लास्टिकच्या खुर्चीवर बसणार असाल तर पायांखाली प्लायचा तुकडा टाका, नाहीतर एकच पाय जमिनीत जातो.

अमेरिकेत सार्वजनिक मासेमारीच्या धक्क्यांसाठी 2010 च्या नियमावलीत कठड्याची उंचीसुद्धा ठरवली आहे: कठड्याचा निदान चौथा हिस्सा 34 इंचांपेक्षा उंच नको, म्हणजे बसलेल्या माणसाला त्यावरून काठी टाकता येते. शिवाय चाक घसरू नये म्हणून कडेला दोन इंचांची उंचवटी. आपल्याकडे घाट बांधताना कुणी एवढा विचार करेल तेव्हा करेल. तोवर दोन इंचांच्या उंचवटीच्या जागी आम्ही चाकापुढे लाकडी ओंडका टाकतो.

कुठेही गळ टाकला तर चालतो का?

नाही. धरणं जलसंपदा विभागाची, आणि त्यातल्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छिमार सहकारी संस्थेकडे असतो. त्यांना विचारून, ते सांगतील ती फी भरून बसायचं. दिव्यांग आहे म्हणून हक्क सांगत गेलात तर वाद होतो. भोई मंडळींशी दोन शब्द नीट बोललात तर तेच चांगली जागा दाखवतात आणि खुर्चीला हातही लावतात. नांदूरमध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्य आहे, पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतलं. तिथे दुर्बीण घेऊन जा, काठी नको. रामकुंडाच्या परिसरात गळ काढण्याचं धाडस कुणी करत नाही आणि करूही नये.

पावसाळ्यात घरी बसा. मासे अंड्यावर असतात हे एक कारण. दुसरं मोठं कारण म्हणजे धरणातून पाणी सोडलं की गोदावरी किती चढते हे नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहून सांगतो. पाणी त्याच्या कमरेला लागायच्या आत धडधाकट माणूस पळून वर येतो. आपल्याला तेवढा वेळ मिळत नाही.

मित्राच्या शेततळ्यावर गेलं तर? सगळ्यात सोपं तेच नाही का?

सोपं आहे आणि सगळ्यात धोक्याचंही तेच आहे. निफाड, दिंडोरी, सिन्नरकडे द्राक्षबागांना शेततळी आहेत, बऱ्याच जणांनी त्यात रोहू, कटला, सायप्रिनस सोडलेले असतात. गाडी थेट बांधावर जाते, मालक ओळखीचा असतो, मासा हमखास लागतो.

पण तळ्याला आतून प्लास्टिकचं अस्तर असतं. ओल्या अस्तरावर शेवाळ धरतं आणि त्या उतारावरून पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही. दर उन्हाळ्यात तशा बातम्या आपण वाचतोच. तिथे बसायचं असेल तर तीन गोष्टी ठरवून टाका. खुर्ची बांधाच्या बाहेरच्या कडेकडे, उतारापासून निदान सहा फूट मागे. अंगात लाइफ जॅकेट, पोहता येत असलं तरी. आणि बांधावरच्या खांबाला बांधून पाण्यात सोडलेला, दर फुटावर गाठी मारलेला जाड दोर. मालकाने दोर लावू दिला नाही तर त्या तळ्यावर आम्ही बसत नाही.

एकाच हाताने काठी धरायची आणि रीलही फिरवायची, हे जमतं कसं?

हा माझा विषय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका हाताने फेकणं अवघड नाही. अडतं ते नंतर, कारण फिरवणारा हात आणि धरणारा हात एकच. म्हणून काठी धरायला दुसरं काहीतरी लागतं. माझ्याकडे तीन तऱ्हा आहेत आणि तिन्ही वापरात आहेत.

पहिली, जमिनीतली नळी. पन्नास मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, अडीच फूट लांब, एक टोक तिरकं कापलेलं. नदीकाठच्या मातीत तो हाताने घुसतो. मुरमात घुसत नाही, तिथे बारा मिलिमीटरची सळई ठोकून पाइप तिला दोन क्लॅम्पने आवळायचा. गळ टाकला की काठी नळीत, मग मोकळ्या हाताने रील फिरवायची.

दुसरी, पोटावरचा पट्टा. रुंद कमरपट्ट्याला पुढे कातड्याचा किंवा रबराचा खोलगट कप शिवून घ्यायचा. काठीचं बूड त्यात टेकतं, वरचा भाग बगलेत किंवा दुखऱ्या हाताच्या कोपरात अडकतो. मासा मोठा असेल तर ही तऱ्हा बरी, कारण नळीतली काठी वाकवून मासा दमवता येत नाही. पॅरालिसिस झालेल्यांनी मात्र लुळ्या हाताच्या खांद्यावर ओढ येऊ देऊ नये. तो खांदा सैल पडलेला असतो, झटक्याने निसटतो.

तिसरी, रीलच नको. दहा-बारा फुटांचा हलका बांबू, टोकाला तेवढीच दोरी, तरंगणारं बूच आणि गळ. मासा लागला की काठी वर. आपल्या आज्यांनी हेच केलं. एका हाताच्या माणसासाठी याहून चांगलं साधन मला दुकानात दिसलेलं नाही. काठाजवळची तिलापिया आणि लहान रोहू याच्यावर मनसोक्त मिळतात. कटल्याच्या मागे लागलात तर मात्र बांबू पुरत नाही.

मग रील घ्यायचीच असेल तर कोणती?

बटणाची. तिच्या तोंडावर झाकण असतं आणि मागे अंगठ्याखाली बटण. बटण दाबून धरायचं, काठी झुलवायची, सोडायचं. दोरी बोटाने अडवावी लागत नाही, म्हणून बोटं नसलेल्याला, लहान मुलाला, हात थरथरणाऱ्याला ती सोपी जाते. ही अमेरिकेतल्या झेब्को कंपनीने 1949 मध्ये बाजारात आणली. त्याआधी ती कंपनी तेलविहिरींसाठी स्फोटकं बनवायची, हे मला फार आवडतं. कारखान्यातला माणूस आहे ना.

बटणाच्या रीलमध्ये दोरी कमी मावते आणि फार लांब फेक जात नाही. आपल्याला काठापासून वीस-पंचवीस मीटर पुरतं.

साधी उघडी स्पिनिंग रील घेतलीत तर दांडा डावीकडे किंवा उजवीकडे बदलता येतो का ते दुकानातच पाहून घ्या. बहुतेकांचा बदलतो. दांड्याची गोळी लहान असते. तिच्यावर रबरी चेंडू भोक पाडून बसवला की अख्ख्या तळहाताने फिरते.

ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी सरकू देणारा रीलचा ब्रेक, सैल ठेवा. दोरी जितकं वजन पेलते त्याच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर ती सरकली पाहिजे. सहा किलोची दोरी असेल तर दीड ते दोन किलोवर. तोलकाटा अडकवून ओढून पाहा, अंदाजाने करू नका. एका हाताच्या माणसाला ड्रॅग हाच दुसरा हात.

गाठी आणि आमिष एका हाताने?

गाठी काठावर मारायच्याच नाहीत. आदल्या रात्री घरी, दिव्याखाली, कुणाच्या तरी मदतीने दहा-बारा गळ वीतभर दोरीला बांधून ठेवायचे. मुख्य दोरीच्या टोकाला चापाचं स्विव्हल, म्हणजे फिरती कडी. काठावर नुसतं अडकवायचं. दोरी दातांनी तोडू नका. माझ्या पुढच्या दाताचा टवका त्यातच गेला.

आमिष लावायला लाकडी फळीवर कपड्याचा चिमटा चिकटवून घ्या. गळाची दांडी चिमट्यात, टोक वर. मग कणकेचा गोळा किंवा गांडूळ एका हाताने खोचता येतं. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. मासा थोडा कमी टिकतो, पण सोडवायला सोपा जातो, आणि हातात घुसला तरी सरळ निघतो.

ज्यांना झटका मारता येत नाही त्यांनी गोल वळणाचा सर्कल हुक वापरावा. मासा आमिष घेऊन वळला की गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. उलट झटका मारलात तर निघून येतो. आमच्या काकांना हा गळ फार मानवला. तीस वर्षांची झटक्याची सवय मोडायला तेवढे दोन महिने लागले.

पकड कमजोर आहे, संधिवात आहे. काठी हातात राहत नाही.

काठीची मूठ जाड करा. एसीच्या तांब्याच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम हार्डवेअरच्या दुकानात फुटावर मिळतो. तो चढवून वर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. बोटं पूर्ण मिटतच नसतील तर बॅगा शिवणाऱ्याकडून वेल्क्रोचा पट्टा करून घ्या, तो मनगटाभोवती आणि मुठीभोवती येतो. फक्त पट्ट्याचं सुटं टोक दातांना पोचेल असं ठेवा. वेळ आली तर सोडता आलं पाहिजे.

व्हीलचेअरला काठी कशी बसवायची?

यू-बोल्टने, आणि खुर्चीच्या मुख्य सांगाड्याला. हाताच्या पट्टीला कधीच नको. बऱ्याच खुर्च्यांची ती पट्टी वर ओढली की निघते आणि मासाही नेमकं तेच करतो. पाइप आणि सांगाडा यांच्यामध्ये ट्यूबचा तुकडा टाका म्हणजे फिरत नाही.

खुर्ची पाण्याकडे तोंड करून लावू नका. पाण्याला समांतर लावा, ब्रेक लावा, दोन्ही चाकांना वीट लावा. खुर्चीचा कमरपट्टा पाण्याजवळ आणि बोटीत सोडलेला हवा. खुर्चीसकट पाण्यात गेलात तर तो पट्टा तुम्हाला तळाला नेतो. मान धरता येत नसेल तर मानेमागे उशी असलेलं जॅकेट घ्या, ते तोंड वर राखतं.

दोन्ही हात चालत नसतील तर?

विजेवर फिरणारी रील असते. दाइवा आणि शिमानो या जपानी कंपन्या ती बनवतात, मुळात खोल समुद्रासाठी. बॅटरी जोडावी लागते आणि वजनही बरंच असतं, म्हणून ती खुर्चीलाच बसवावी. परदेशात तोंडातल्या नळीत फुंकर मारून किंवा ओढून चालणारी साधनंही आहेत, फेकण्यासाठी स्प्रिंगची चौकट असते. आमच्या टोळीत तसा कुणी नाही. पण कोपराने दाबता येईल असं मोठं बटण लावून देणारा वायरमन सातपूरला शोधावा लागत नाही.

दिसत नाही. मासा लागला कसं कळणार?

तुम्हाला आमच्या आधी कळतं. आमचा मित्र दोरी तर्जनीवर ठेवून बसतो आणि बूच बुडायच्या आत सांगतो, तिलापिया आहे. ती टुचटुच करते, रोहू ओढतो. दुसरी काठी असेल तर टोकाला घुंगरू बांधा. फेकायची दिशा धरायला पायाशी काठीचा तुकडा पाण्याच्या काटकोनात ठेवायचा, पावलांनी चाचपता येतो. दोरीवर दर पाच मीटरला बारीक दोऱ्याची गाठ मारली तर किती दोरी बाहेर आहे ते बोटाला कळतं. सुटे गळ डबीत मोकळे ठेवू नका, थर्माकोलमध्ये खोचा. शेजारी बसलेल्याने गळ फेकताना तोंडाने सांगायचं, हा एकच नियम आम्ही कडक पाळतो.

ऐकू येत नाही, तर?

घुंगराऐवजी दिवा. काठीच्या टोकाला लावायचा छोटा दिवा मिळतो. बाकी काही फरक पडत नाही.

पायाला किंवा हाताला संवेदना नाही. काय जपायचं?

कण्याची इजा, मधुमेह, कुष्ठरोग, कारण कोणतंही असो, धोका एकच: लागलं तरी कळत नाही. एप्रिलच्या दुपारी खडक आणि खुर्चीचा लोखंडी भाग कातडी भाजण्याइतका तापतो. उघडी मांडी त्यावर टेकवू नका. शिंगाळ्याचा काटा जबर असतो, मासा ओल्या फडक्याने धरा आणि लांब पकडीने गळ काढा. घरी आल्यावर तळहात, तळपाय, पोटऱ्या आरशात पाहा. एकदा मित्राच्या टाचेत गळ तसाच राहिला होता, दुसऱ्या दिवशी मोजा काढताना दिसला.

बसून राहिल्याने होणाऱ्या जखमा त्याहून वाईट. मासा लागो न लागो, दर पंधरा-वीस मिनिटांनी अंग उचलायचं किंवा पुढे झुकायचं. फोनवर गजर लावा. गळाकडे पाहत बसलं की तास कसा जातो ते कळत नाही.

ऊन आणि थंडी?

छातीच्या वर कण्याला इजा असलेल्यांना इजेच्या खाली घाम येत नाही, अंग आतून तापत जातं. मानेवर ओलं फडकं, फवाऱ्याची बाटली, आणि दहा वाजता आवरतं घ्यायचं. डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, तर आधी सरळ बसवा आणि लघवीची नळी मुडपली आहे का ते पाहा. रक्तदाब चढल्याचं ते लक्षण असतं, आणि उतरलं नाही तर सरळ दवाखाना. थंडीत निफाडकडे पारा फार उतरतो, पाय आखडतात, झटके येतात. तिकडे डिसेंबरात ऊन वर आल्यावरच निघा.

लघवीची सोय?

कुठेच नाही. लोक म्हणून पाणी पीत नाहीत आणि मग मूत्रमार्गाचा संसर्ग घेऊन येतात. पाणी प्या. पिशवी लावणाऱ्यांनी निघताना रिकामी करा, दुसरी जवळ ठेवा. बायकांसाठी आम्ही गाडीच्या दोन उघड्या दारांमध्ये चादर अडकवतो. जागा निवडताना हेही पाहावं लागतं, आणि याबद्दल कुणी बोलत नाही.

फिट येते. चालेल का?

औषधं चालू असतील, डॉक्टरांनी हो म्हटलं असेल, अंगात जॅकेट असेल आणि शेजारी माणूस असेल तर. चारांतलं एकही कमी असेल तर नाही.

कृत्रिम पाय घालून पाण्यात उतरू का?

1968 मध्ये तयार झालेला जयपूर फूट रबरी आहे, त्याचं पाऊल पाण्याचिखलाला घाबरत नाही. पण वरचा भाग आणि सांधे कशाचे आहेत ते बनवणाऱ्याला विचारा. ओल्या खडकावर पाऊल कुठे टेकलं ते कळत नाही, म्हणून उतरूच नका असं मी म्हणेन. काठावरून मासे लागतात.

या साधनांना सरकारी मदत मिळते का?

केंद्र सरकारच्या एडिप योजनेत व्हीलचेअर, तीनचाकी सायकल, श्रवणयंत्र, कृत्रिम अवयव मिळतात. काठी-रील त्यात नाही. पण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम 29 संस्कृती आणि मनोरंजनाबद्दल आहे, आणि स्थानिक संस्थांनी उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचा असतो. काठी मागू नका. नदीकाठी एक रॅम्प आणि एक सपाट ओटा मागा. दहा जणांच्या सह्यांचा अर्ज ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या.

सोबत आलेला माणूस सगळं स्वतःच करायला लागतो. त्याला कसं सांगू?

घरून निघतानाच. "मी म्हटल्याशिवाय रीलला हात लावायचा नाही, मासा सुटला तरी." माझ्या मेव्हण्याने पहिल्याच दिवशी माझा मृगळ ओढून काढला आणि मलाच शाबासकी दिली. चहा त्याचा, आमिष त्याचं, मासा माझा, असं आता ठरलंय.

मासा खायचा की सोडायचा?

धरणातला खा. शहराच्या खालच्या अंगाला, जिथे सांडपाणी नदीत मिसळतं आणि पाणवेली माजतात, तिथला सोडून द्या. सोडताना हात ओले करा.

एकट्याने जाऊ का?

मीही जातो, खोटं कशाला बोलू. बायकोला जागा सांगतो, परत यायची वेळ सांगतो, साइड व्हीलची स्कूटर परतीच्या दिशेने तोंड करून लावतो. शिट्टी गळ्यात. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून अंगावरच्या खिशात, स्कूटरच्या डिकीत नाही.